देवाच्या गादीचे घोंगडे
(माणदेशातील लोकरविणकामाचा इतिहास)

माणदेशातील कोणत्याही बिरोबाच्या देवळात गेले तर काही गोष्टी हमखास दृष्टीस पडतात. भंडाऱ्याने पिवळा झालेला उंबरठा, खुंटीला टांगलेले ढोल, कोपऱ्यात ठेवलेली छत्री आणि काळ्या लोकरीचे घडी घातलेले घोंगडे. उत्सवाच्या रात्री हे घोंगडे जमिनीवर अंथरले जाते, त्यावर भंडारा टाकला जातो, देवाची गादी मांडली जाते आणि मग ओव्यांना सुरुवात होते. घोंगडे नाही तर गादी नाही आणि गादी नाही तर ओवी नाही, असा हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

श्री बिरोबाच्या देवालयाचा जीर्णोद्धार पुरा होत असताना ज्यांनी दगड दिला, वाळू दिली, कळस दिला त्या सर्वांची नावे या स्मरणिकेत छापली आहेत आणि सभामंडपाच्या भिंतीवरही कोरली जातील. ते उचितच आहे. परंतु देवाचे घोंगडे ज्यांनी विणले त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. ती लोकर कातरणारा, पिंजणारा, सूत कातणारी आणि माग चालवणारा अशा अनेक हातांचा इतिहास नव्या पिढीला ठाऊक असावा, एवढ्यासाठी हा लेख.

प्राचीन परंपरा

लोकरीचे कांबळे ही भारतातील फार जुनी वस्तू आहे. पाणिनीच्या व्याकरणात ‘कंबल्य’ हा शब्द येतो. एका कांबळ्यास लागणारी लोकर असा त्याचा अर्थ असून टीकाकारांनी ते माप शंभर पल सांगितले आहे. आजच्या हिशेबाने ही लोकर चार किलोच्या आसपास भरते. धुण्यात व पिंजण्यात होणारी घट धरली तर माणदेशी घोंगड्यालाही जवळजवळ तेवढीच कच्ची लोकर लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही मेंढीच्या लोकरीच्या कांबळ्यांचे निरनिराळे प्रकार नोंदवलेले आहेत.

दख्खनच्या पठारावर ही कला विशेष रुजली. पाऊस कमी, जमीन माळरानाची आणि गवत आखूड, त्यामुळे येथे गाईगुरांपेक्षा मेंढीच अधिक तगते. महाराष्ट्रात घोंगडे, कर्नाटकात कंबळी आणि तेलंगणात गोंगडी, अशा नावांनी एकच वस्त्र तीन भाषांत नांदते. भाषा बदलली तरी मेंढी तीच, दख्खनी. तिची लोकर जाडीभरडी, केसाळ आणि बहुधा काळी किंवा करडी असते. तलम शालीला ती निरुपयोगी आहे, पण ऊन, वारा, पाऊस आणि काटेकुटे सोसणाऱ्या माणसाच्या पांघरुणाला याहून चांगली लोकर नाही.

मेंढपाळांचा आणि देवाचा संबंधही तितकाच जुना आहे. खंडोबाने बाणाईसाठी चंदनपुरीस जाऊन धनगराच्या घरी चाकरी केली, मेंढरे राखली, अशी कथा घरोघर सांगितली जाते. आरेवाडीचा बिरोबा, हुलजंतीचा महालिंगराया आणि पट्टणकोडोलीचे विठ्ठल-बिरदेव ही मेंढपाळांची मोठी दैवते. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा व खोबऱ्याबरोबर लोकरही देवावर उधळली जाते. शेतकऱ्याने धान्य अर्पण करावे तशी मेंढपाळाने लोकर अर्पण करावी, हा त्यामागील साधा भाव. जर्मन संशोधक डॉ. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या या दैवतांवर १९७६ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ रूप गोपालक व मेंढपाळ समाजांच्या दैवतांत शोधले. ज्या वस्त्राला खेड्याबाहेर कोणी फारसे विचारीत नाही, ते महाराष्ट्राच्या धर्मजीवनाशी किती जवळून जोडलेले आहे हे यावरून ध्यानात येते.

कातरणीपासून सुतापर्यंत

घोंगड्याची सुरुवात मागावर होत नाही, ती ओढ्याच्या पाण्यात होते. कातरणीपूर्वी मेंढरे पाण्यात घालून धुतली जात. अंगावरची माती, काटे आणि कुसळे निघून गेली की एकदोन दिवस उन्हात वाळू देऊन कातरणी होई. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, हे काम चाले. एका मेंढीची वर्षाची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. म्हणजे एका घोंगड्यामागे सातआठ मेंढरांची वर्षाची लोकर खर्ची पडते. कळपवाल्या घरात घोंगड्याला जो मान होता तो उगाच नव्हता.

कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. माणसाच्या लेकराप्रमाणेच कोकराच्या या पहिल्या केसांनाही जावळ म्हणतात. ही लोकर सर्वांत मऊ असते. जावळाचे घोंगडे टोचत नाही, म्हणून बाळंतिणीसाठी, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी किंवा देवासाठी ते मुद्दाम करून घेतले जाई. प्रौढ मेंढीची लोकर रोजच्या वापराच्या घोंगड्यास जाई.

कातरलेली लोकर रंगाप्रमाणे निवडली जाते. काळी, करडी, तपकिरी आणि पांढरी असे ढीग वेगळे होतात. घोंगड्याला रंग देण्याची चाल मूळची नाही, मेंढीच्या अंगचा रंग तोच घोंगड्याचा रंग. काळ्या पोताला पांढरी किनार किंवा करड्या पोतात काळे पट्टे एवढीच त्याची नक्षी. निवडलेली लोकर धनुकलीने पिंजायची, तिचे पेळू करायचे आणि मग सूत कातायचे.

सूतकताई हे स्त्रियांचे काम. धनगरवाड्यावरची म्हातारी माणसेही मेंढरांमागे चालता चालता चातीवर सूत काढीत. उभ्या धाग्यांचे म्हणजे ताण्याचे सूत पीळदार व घट्ट लागते, आडव्या धाग्यांचे म्हणजे बाण्याचे सूत थोडे सैल व फुगीर चालते. हा फरक कातणारीच्या बोटांना कळे, त्यासाठी वजनकाटा नव्हता की यंत्र नव्हते. चांगले कातलेले सूत विणकर हातात घेताच ओळखी आणि अमक्या घरचे सूत म्हणून त्याला जादा भाव देई. विणकर एक घोंगडे विणी तेवढ्या अवधीत अनेक जणींच्या हातून सूत निघावे लागे. म्हणूनच घोंगड्यातील निम्म्याहून अधिक श्रम बायकांचे होते असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

खळ आणि माग

विणकाम करणारे मुख्यतः सणगर समाजाचे लोक. धनगरांतील खुटेकर शाखाही विणकाम करी. ताणा ताणून बांधण्याच्या खुंट्यावरून त्यांना हे नाव मिळाले. मेंढपाळ, कातणारी आणि विणकर यांचे घरोब्याचे संबंध असत. लोकर किंवा सूत घरचे द्यायचे आणि विणण्याची मजुरी पैशांत वा धान्यात चुकती करायची, असा व्यवहार असे.

ताणा घालण्याचे काम उघड्या जागेत होई. गल्लीत दोन टोकांना खुंट ठोकून त्यांवर सूत ताणीत, मग त्याला खळ देत. ही खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजून त्यांचे टरफल काढायचे, गर भिजत घालायचा, बारीक वाटायचा आणि पाण्यात शिजवून दाट करायचा. हे मिश्रण कुंच्याने ताण्यावर एकसारखे फिरवले की सुताचे सुटे केस बसतात, धागा ताठ होतो आणि मागावर तुटत नाही. खळ जास्त झाली तर धागा कडक होऊन मोडतो, कमी झाली तर केस एकमेकांत अडकून ताण्याचा गुंता होतो. शिवाय खळ वाळायला कोरडे ऊन हवे. त्यामुळे पावसाची झड लागली की काम ठप्प होई आणि विणकराचा खरा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होई.

माग खड्ड्याचा असतो. जमिनीत खड्डा खणून विणकर त्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांनी पावड्या दाबतो. पावडी दाबली की वहीतून ओवलेले निम्मे धागे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात. मधल्या वाटेने बाण्याचे सूत एका हाताने घालायचे, दुसऱ्या हाताने झेलायचे आणि लाकडी पात्याने ठोकून घट्ट बसवायचे. विणलेला पोत मांडीपुढच्या तुरीवर गुंडाळत जातो. जमिनीच्या ओलाव्याने सूत नरम राहते, हा खड्ड्याचा आणखी एक फायदा.

इंग्लंडात जॉन के याने १७३३ साली दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा शोधून काढला. सुती व रेशमी मागांवर तो पुढे सगळीकडे आला. घोंगड्याच्या मागाला मात्र त्याचा फारसा उपयोग नव्हता. जाड, केसाळ सुतातून धोटा पळत नाही, तो हातानेच घालावा लागतो. या कामात घाईला जागाच नाही.

माप काठीने नव्हे, हाताने घेतले जाई. विणून उतरलेल्या घोंगड्याच्या दशा वळायच्या, त्याला पुन्हा खळ द्यायची आणि उन्हात सपाट वाळवायचे. नवे घोंगडे पुठ्ठ्यासारखे ताठ असते. वापरता वापरता लोकरीचे केस एकमेकांत गुंततात, पोत दाटतो आणि घोंगडे अंगाला बसू लागते. जुने घोंगडे नव्याहून ऊबदार, असे जाणते म्हणतात त्याचे कारण हेच.

घोंगड्याचे गुण

लोकरीच्या धाग्यांमध्ये हवा कोंडून राहते, त्यामुळे थंडीत ऊब टिकते आणि उन्हाची झळही आत येत नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषून घेते, तरी स्पर्शाला फारशी ओली लागत नाही. तिच्या अंगच्या तेलकटपणामुळे पावसाची सर वरच्या वर ओघळून जाते. ठिणगी पडली तर लोकर सुतासारखी भडकत नाही, जागच्या जागी काजळते. रात्री शेकोटीशेजारी झोपणाऱ्या मेंढपाळाला या गुणाचे मोल अधिक.

म्हणून घोंगडे हे केवळ पांघरूण नव्हते. पावसात डोक्यावर घेतले की ती खोळ, राखणीला गेले की ते अंथरूण, खळ्यात धान्य आणताना ते बोचके आणि मेंढराचे नवे पिलू आणायचे तर तीच झोळी. पंच बसत ते घोंगड्यावर, पाहुणा आला की त्याच्यासाठी प्रथम अंथरायचे तेही घोंगडेच. एकदा पुरते भिजले म्हणजे ते दिवस दिवस वाळत नाही. त्यावरून रेंगाळलेल्या कामाला ‘भिजत घोंगडे’ म्हणण्याचा वाक्प्रचार मराठीत आला. कचेरीत बसून हा शब्द वापरणाऱ्या कित्येकांनी भिजलेले घोंगडे कधी उचललेले नसेल, पण भाषेने त्याचे वजन जपले आहे.

जीर्णोद्धार आणि विणकाम यांचा मेळ

जीर्णोद्धाराचा विषय निघाला की पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. चौंडी येथे १७२५ साली धनगराच्या घरी त्यांचा जन्म झाला. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी माळव्याचा कारभार पाहिला. काशी विश्वेश्वराचे देवालय त्यांनी १७८० साली पुन्हा उभे केले. देशभर त्यांनी बांधलेली मंदिरे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा सर्वांना ठाऊक आहेत.

परंतु त्याच अहिल्यादेवींनी आपल्या राजधानीत, महेश्वरास, बाहेरून विणकर आणून वसवले आणि त्यांच्या मालाला राजाश्रय दिला, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. महेश्वरी लुगडे आज देशभर ओळखले जाते त्याचा पाया तेव्हा घातला गेला. देऊळ बांधायचे आणि देवळाभोवतीच्या माणसाच्या हातालाही काम द्यायचे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या कारभारात बरोबरीने चालत. घाटाचे दगड आणि मागाचे सूत, दोन्ही अद्याप टिकून आहेत.

मागाला लागलेली ओहोटी

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. त्यानंतर गिरणीच्या कापडाने सुती हातमागाला हळूहळू मागे रेटले. घोंगडे मात्र बराच काळ तगले, कारण त्याच्या जाड लोकरीला गिरणीत मागणी नव्हती आणि शेतकऱ्याला घोंगड्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे याच दुष्काळी भागातील हजारो तरुण मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेले. गावी हातमाग आणि मुंबईत यंत्रमाग अशी एकाच घरातील दोन भावांची स्थिती झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, त्यानंतर तोही आधार तुटला आणि कित्येक जण गावी परतले. तोवर गावातले माग कमी झाले होते.

१९७२ च्या दुष्काळाने कळपांची मोठी हानी केली. चारापाण्यासाठी मेंढरे घेऊन दूर जावे लागले. माणदेशी मेंढपाळांचे हे हाल व्यंकटेश माडगूळकर यांच्या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीतून महाराष्ट्राला आधीच कळले होते. माळराने नांगराखाली आली, चराई आखडली. पुढे प्लास्टिकचा कागद आला आणि खोळीची गरज सरली. पानिपतहून जुन्या लोकरी कपड्यांच्या पुनर्वापराची स्वस्त ब्लँकेटे आली, त्यांच्या मागोमाग कृत्रिम धाग्याची रंगीत ब्लँकेटे आली. ती हलकी, मऊ आणि स्वस्त. त्यांच्याशी घोंगड्याने किमतीत बरोबरी करणे शक्यच नव्हते.

सरकारने हातमागाच्या संरक्षणासाठी १९८५ साली कायदा करून २२ प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. नंतर ही यादी ११ प्रकारांवर आली, तरीही कांबळ्यांचा समावेश तीत राहिला. कागदावर घोंगड्याला संरक्षण मिळाले, पण गिऱ्हाइक कायद्याने मिळत नसते.

सर्वांत मोठा फटका लोकरीला बसला. मेंढी आता मांसासाठी पाळली जाते. माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या, उंच आणि वजनदार जातीच्या मेंढरांना बाजारात भाव मिळतो. त्यांचा संकर होत गेला आणि दख्खनी मेंढीची काळी लोकर कमी होत चालली. अलीकडच्या वर्षांत लोकरीला इतका कमी भाव मिळतो की त्यातून कातरणीची मजुरीही सुटत नाही. मेंढराला उन्हाळा सोसावा म्हणून कातरणी तर करावीच लागते. मग कातरलेली लोकर बांधावर टाकली जाते, नाही तर जाळली जाते. ज्या लोकरीला यात्रेत देवाच्या अंगावर उधळण्याचा मान आहे ती उकिरड्यावर जावी, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

जे उरले आहे ते

तरीही हा इतिहास संपलेला नाही. माणदेशात आणि कर्नाटकाच्या सीमेवर वयस्क विणकरांचे काही माग अजून चालू आहेत. चातीवर सूत काढणाऱ्या आज्याही आहेत. मात्र त्यांच्या शेजारी बसून ते शिकणारे कोणी नाही. फणीत धागा कसा भरावा, खळ किती दाट असावी, पावडीवर पाय किती जोराने पडावा हे ज्ञान पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. ते हातातून हातात जाते. एक पिढी चुकली की ते कायमचे जाते.

शहरातील काही हौशी मंडळी अलीकडे हातमाग शिकू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. लहान चौकटीवर लोकरीची पट्टी विणता येते, आसने होतात, पिशव्या होतात. गावच्या शाळेतील मुलांनाही हे सहज जमेल. दोन खुंट्या, थोडे सूत आणि शिकवायला एक आजी एवढे पुरेसे आहे. त्यातून पोट भरणार नाही, परंतु हाताला वळण राहील. ज्याच्या हाताला वळण आहे त्याला उद्या गिऱ्हाइक आले तर माग लावता येईल.

या देवालयासाठी मुंबईकर मंडळींनी आणि गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरलेल्या गावकऱ्यांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. कोणी एक दिवसाचा पगार दिला, कोणी कळसाचा भार उचलला. ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याने श्रमदान केले. सुताच्या प्रत्येक धाग्याने आपापला भार उचलावा तसे हे काम झाले. आता एवढेच व्हावे, की नव्या सभामंडपात देवाची गादी यंत्राच्या ब्लँकेटावर मांडली जाऊ नये. गावच्याच मेंढरांची लोकर, याच भागातील स्त्रियांनी कातलेले सूत आणि शिल्लक असलेल्या एखाद्या मागावर विणलेले घोंगडे दरवर्षी उत्सवाला देवापुढे यावे. एका घोंगड्याची मजुरी दरसाल एका घराने किंवा एका मंडळाने उचलली तर ती कोणालाही जड नाही. विणकराला मात्र त्यामुळे माग चालू ठेवायला कारण मिळेल आणि त्याच्या नातवाला त्या खड्ड्यात पाय सोडून बसावेसे वाटेल.

जीर्णोद्धार म्हणजे जुने टाकून नवे घेणे नव्हे. जे झिजले, खचले, ते ज्या ठिकाणी होते त्याच ठिकाणी पुन्हा उभे करणे म्हणजे जीर्णोद्धार. दगडाचा जीर्णोद्धार पुरा झाला. लोकरीचा जीर्णोद्धार भिजत घोंगड्यासारखा पडून राहू नये, तोही या गावकऱ्यांच्या हातून व्हावा आणि देवाच्या गादीला हातच्या विणीचे घोंगडे कधी कमी पडू नये, हीच श्री बिरोबाच्या चरणी प्रार्थना.